भुयारात पाणी कुठून आलं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऐरोलीत मित्राच्या घरी आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ सुरू होता. सहा जण, खाली चटई, मध्ये फासे आणि कांदाभजीची ताटली. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. सगळ्यांची पात्रं एका पडक्या किल्ल्याखालच्या भुयारात उतरली आणि मी वहीतून वाचायला लागलो, 'तुमच्यासमोर एक प्राचीन, अंधारी, गूढ, भयाण खोली आहे. इथल्या हवेत मृत्यू दरवळतोय.' वाचून थांबलो. कुणीच काही बोललं नाही. मग मामेभाऊ म्हणाला, "बरं. दरवाजे किती आहेत?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दोन वाक्यांसाठी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, पण त्याच्या हाताला लागेल असं त्यांत काही नव्हतं. म्हणून तो जे खात्रीने असणार तेच विचारत होता. डंजनमध्ये वातावरण म्हणजे नेमकं काय आणि ते येतं कुठून, हे मी तेव्हापासून नव्याने शिकतो आहे. जे समजलं ते इथे मांडतो.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. डीएम सांगतो की समोर काय आहे, खेळाडू सांगतात की ते काय करतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासे टाकले जातात. डंजनचा मूळ अर्थ किल्ल्यातली अंधारकोठडी. खेळात मात्र गुहा, भुयारं, थडगी, गाडलेली शहरं, जे जे बंदिस्त आणि धोक्याचं ते सगळं डंजन.

आता अडचण अशी की चटईवर बसलेल्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही. डीएम सांगेल तेवढंच त्याचं जग. अशा माणसाला 'भयाण' म्हटलं की आपण त्याला आपलं मत सांगतो. ते मत ज्यावरून बनलं ती गोष्ट मात्र आपल्याजवळच राहते. माझी आजी विहिरीची गोष्ट सांगायची तेव्हा 'फार भीती वाटायची तिथे' असं कधी म्हणाली नाही. रहाटाला दोर उरला नव्हता आणि तरी रात्री रहाट कुरकुरायचा, एवढंच सांगून ती वाती वळत बसायची. घाबरण्याचं काम आमचं आम्ही करायचो.

म्हणून मी विशेषणं लिहिणं सोडलं आणि प्रत्येक खोलीला साधे प्रश्न विचारायला लागलो. ही खोली कुणी खोदली? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? हवा कशी खेळते? उजेड कशाचा? इथे राहणाऱ्यांनी कचरा कुठे टाकला?

हे प्रश्न मला कान्हेरीने दिले. ठाण्यात येऊरला जंगल लागतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याच उद्यानात पलीकडे बोरिवलीच्या बाजूला कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं वापरात असलेली. बहुतेक जण मोठं चैत्यगृह पाहून परततात. डीएमने थोडं वर चढावं आणि खाली बघत चालावं. जवळपास प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात. डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हळी पावसाचं पाणी या टाक्यांत आणतात. आत भिंतीला लागून दगडी ओटा, झोपण्या-बसण्याचा. दाराच्या चौकटीपाशी खोबण्या आहेत. लाकूड केव्हाच कुजून गेलं, पण दार होतं आणि ते कुठे बसवलं होतं हे दगड अजून सांगतो. भिंतीवर दान देणाऱ्यांची नावं, त्यांत कल्याण-सोपाऱ्याचे लोकही.

हे सगळं बघताना एकही भीतीची गोष्ट समोर नव्हती, आणि तरी मान वळवून मागे बघावंसं वाटत होतं. कारण तिथे माणसं राहत होती हे कळत होतं आणि ती आता नव्हती. कोठडीतला तो ओटा माझ्या पाठीला पुरेल एवढाच लांब होता. मी आजपर्यंत लिहिलेल्या सगळ्या सांगाड्यांपेक्षा तो ओटा मला जास्त लागला.

दगडाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती चूक मी स्वतः वर्षानुवर्षं केली. गुहा म्हटली की आपण छतावरून लोंबणारे चुन्याचे सुळके आणतो. ते सुळके मुख्यतः चुनखडीच्या प्रदेशातले. पाण्यात विरघळलेला चुना थेंबाथेंबाने साचून ते बनतात. सह्याद्रीचा दगड लाव्हाच्या थरांचा. त्यात पाणी दोन थरांच्या सांध्यातून झिरपतं, भिंतीवर आडवी ओली रेघ उमटते आणि त्या रेघेवर शेवाळ धरतं. थंड होत गेलेल्या लाव्हात पोकळ्या राहिल्या, त्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक तयार झाले. मशाल फिरली की भिंत मधेच चमकते. आमच्या एका खेळात चोराचं पात्र हिरे समजून तो स्फटिक सुरीने उकरत बसलं आणि त्या टकटक आवाजाने पलीकडच्या खोलीतलं काहीतरी जागं झालं. मी फक्त दगड खरा ठेवला होता, पुढचं त्यांनी केलं.

उजेडाकडे मात्र जरा जास्त वेळ थांबायला हवं. खेळाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे मशाल २० फुटांपर्यंत लख्ख उजेड देते, त्यापुढे आणखी २० फूट अंधुक, आणि ती एक तास टिकते. बहुतेक गट हे आकडे विसरतात आणि सगळं डंजन ट्यूबलाइटखाली असल्यासारखं खेळतात. पण २० फूट म्हणजे किती? नवी मुंबईतल्या वन बीएचकेचा हॉल, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. बस, एवढंच नीट दिसतं. बेडरूमच्या खिडकीशी कुणी उभं असेल तर एक आकार दिसेल, चेहरा नाही. जिन्यात कुणी असेल तर काहीच नाही. आणि जिन्यातल्या माणसाला तुमची मशाल मात्र केव्हाची दिसते आहे. हे एकदा नीट समजावून सांगितलं की खेळाडूंचा आवाज आपोआप खाली येतो. मी पाहिलं आहे.

ज्यांची पात्रं बुटके (ड्वार्फ) किंवा एल्फ या खेळातल्या काल्पनिक जमातींची आहेत ते लगेच म्हणतात, आम्हाला अंधारात दिसतं. दिसतं, पण नियम पूर्ण वाचा. त्यांना साधारण ६० फुटांपर्यंत दिसतं, काळोखात ते अंधुक उजेडात पाहिल्यासारखं दिसतं, आणि रंग कळत नाहीत, फक्त करड्या छटा. माझ्या मते वातावरणासाठी अख्ख्या नियमपुस्तकातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. जमिनीवर काहीतरी ओलं पसरलंय. पाणी की रक्त? बुटक्याला सांगता येणार नाही. त्याला वाकावं लागेल, बोट लावावं लागेल, वास घ्यावा लागेल, नाहीतर मशाल पेटवून आपण इथे आहोत हे सगळ्यांना कळवावं लागेल. मी एकही विशेषण वापरलं नाही आणि खोली भीतीची झाली.

मशालीचं आणखी एक काम आहे. ज्योत वारा दाखवते. बंद खोलीत ज्योत एका बाजूला वाकत असेल तर हवा कुठूनतरी येते आहे आणि कुठेतरी जाते आहे. छतावर काजळीचे जुने डाग असतील तर तिथे कुणीतरी रोज दिवा लावत होतं. हे मी वर्णनाच्या ओघात सांगून पुढे जातो. लक्षात ठेवायचं की नाही ते खेळाडूंवर.

आवाजाचं म्हणाल, तर माझी शाळा पारसिकचा बोगदा. लहानपणी डोंबिवलीहून ठाण्याला येताना फास्ट लोकल त्यातून जायची. १९१६ साली सुरू झालेला, साधारण १.३ किलोमीटर लांबीचा. आत शिरताना आधी कानावर दाब यायचा, मग गाडीचा खडखडाट अंगावर परत यायचा, आणि डब्यातली पोरं ओरडायला लागायची. मोठी माणसं बोलता बोलता गप्प व्हायची आणि बाहेर पडल्यावर तेच वाक्य पुढे सुरू करायची. बोगद्याचं वर्णन करायचं तर मी या गप्प होण्याचं करेन. जागेचा परिणाम माणसांवर काय होतो ते सांगितलं की जागा समजते.

प्रतिध्वनीचं गणितही सोपं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आपला शब्द आणि त्याचा प्रतिध्वनी वेगवेगळे ऐकू यायला समोरची भिंत निदान १७ मीटर लांब हवी. म्हणजे काळोखात हाक मारली आणि हाक स्पष्ट परत आली, तर ती खोली मशालीच्या लख्ख उजेडापेक्षा किती तरी मोठी आहे. हे खेळाडूंना सांगा, 'तुझा आवाज परत यायला वेळ लागला.' खोलीची मापं सांगण्यापेक्षा हे जास्त पोचतं. अर्थात हाक मारल्याची किंमतही त्यांना कळते.

वासाबद्दल ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. ऐरोलीच्या पुलावरून जाताना डोळे मिटले तरी खाडीला ओहोटी आहे हे कळतं. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात हवेशिवाय जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा. वटवाघळांची गुहा असेल तर वास वेगळा, त्यांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि नाकाआधी डोळे झोंबतात. 'कुबट वास येतोय' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. कशाचा वास, आणि आधीच्या खोलीपेक्षा वाढला की कमी झाला, हे सांगितलं तर खेळाडू त्या वासाचा माग काढू शकतो.

याच खाडीवरून मला आमचं आताचं डंजन सुचलं. बेलापूरचा किल्ला पनवेल खाडीच्या मुखाजवळच्या टेकाडावर आहे. आता पडके अवशेष उरलेत, पण तिथून घारापुरीपर्यंत भुयार जातं अशी आख्यायिका लोक सांगतात. भुयार खरं की खोटं याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मी फक्त विचारलं, असं भुयार असतंच तर त्यात पाणी कुठून आलं असतं? उत्तर एकच, भरतीचं. आणि त्या एका उत्तरातून बाकी सगळं आपोआप लिहिलं गेलं.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. कोळी-आगरी घरांत हे पोरांनाही पाठ असतं. मग माझ्या भुयाराची खालची पातळी दिवसातून दोनदा बुडणार. भिंतीवर कालवं चिकटलेली असणार. लाकडी दारं खालच्या बाजूने सडलेली आणि वरून धड असणार. कड्या गंजून फुगलेल्या. वरच्या कोनाड्यात उंदरांची बिळं, खालच्या कोनाड्यात खेकडे. आणि इथे राहणाऱ्या कुणीही आपली मौल्यवान वस्तू कमरेच्या खाली ठेवली नसणार.

खेळात मी एवढंच म्हणालो, 'पायऱ्या संपतात. जमीन ओली आहे, पायाखाली बारीक वाळू. भिंतीवर तुझ्या खांद्यापर्यंत कालवं आहेत, त्याच्या वर दगड कोरडा.' आणि थांबलो.

मामेभावाने या वेळी दरवाजे विचारले नाहीत. तो म्हणाला, "अरे, कालवं पाण्याशिवाय धरतात का? म्हणजे निदान खांद्यापर्यंत पाणी चढतं इथे. आज तिथी काय आहे?" मला आधी वाटलं तो खरोखरची तिथी विचारतोय. तो गोष्टीतल्या आकाशातला चंद्र विचारत होता. मित्राच्या बायकोने, जी एरवी लढाईशिवाय कशात फारशी रमत नाही, मोबाइलवर टायमर लावून मध्ये ठेवला आणि म्हणाली, "भावजी, आता प्रत्येक खोलीला किती वेळ जातो ते मोजायचं." पुढचा दीड तास तो टायमर फाशांच्या शेजारी पडून होता आणि प्रत्येक वादात कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं.

इथे मला वाटतं मुद्दा स्पष्ट होतो. कालवं ही शोभेची गोष्ट होती आणि त्याच वेळी ती माहिती होती. ज्या तपशिलावर खेळाडू काही ठरवू शकतो तो त्याच्या लक्षात राहतो, बाकीचे हवेत विरतात.

किती तपशील द्यायचे हा प्रश्न नवे डीएम नेहमी विचारतात. माझा अनुभव असा की खोलीला दोन किंवा तीन, आणि निदान एक डोळ्यांखेरीज दुसऱ्या इंद्रियाचा. चौथा सांगितला की पहिला विसरला जातो. रस्त्यातल्या बोळांना एकच पुरे, काही बोळांना तोही नको. सगळ्याच खोल्या बोलायला लागल्या तर कुणाचंच ऐकू येत नाही. आणि वर्णन बोलून सांगा, वाचून दाखवू नका. वाचताना आपण खाली मान घालतो आणि समोरचा भज्यांकडे बघतो.

तपशील सुचतच नसतील तर जुनी सोय आहे. १९७९ साली आलेल्या, गायगॅक्सने लिहिलेल्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये मागे एक परिशिष्ट आहे, फक्त डंजनच्या सजावटीचं. हवा कशी, वास कोणता, आवाज कसला, कोपऱ्यात काय पडलंय, सगळ्याचे तक्ते. फासा टाकायचा आणि येईल ते घ्यायचं. मी ते तक्ते आजही वापरतो, पण घरी, तयारी करताना. खेळताना टाकलेला फासा एका खोलीत धूर देतो आणि पुढच्या खोलीत फुलांचा वास, आणि दोन्हींचा कशाशी संबंध नसतो. घरी बसून फाशाने 'धूर' दिला की मला विचारायला वेळ मिळतो, कुणाची चूल? सरपण कुठून आणलं? धूर बाहेर कसा पडतो? तीन उत्तरांत एक राहतं घर तयार होतं.

त्या भरतीच्या भुयाराचा शेवटचा टप्पा गेल्या महिन्यात खेळलो. सगळ्यात खालच्या खोलीकडे जाणारा जिना. वरच्या पायरीवर मी सडक्या अंड्याचा वास दिला. सगळ्यांनी खाडी म्हणून मान डोलावली. पाच पायऱ्या उतरल्यावर वास इतका वाढला की डोळ्यांतून पाणी आलं. आणखी पाच पायऱ्या. योद्धा सगळ्यात पुढे. मी त्याला म्हणालो, 'तुला आता वास येत नाहीये.'

मामेभाऊ खूश झाला. "सुटलो एकदाचे. चला, उतरतो पुढे."

आमच्या गटात एक मैत्रीण डॉक्टर आहे. ती भिंतीला टेकून बसली होती, ती ताठ झाली. "थांब. वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं नाही. हा वायू जास्त झाला की आधी नाकच बंद पडतं. गटारात उतरलेली माणसं अशीच जातात. मागे या. सगळे मागे या, आत्ता."

कुणी फासे उचलले नाहीत. खाली राक्षस नव्हता, सापळा नव्हता, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळेच जण जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन बसले. गोष्टीतले आणि चटईवरचेही. खाली जायचंच होतं, कारण शोधत होते ती वस्तू तिथेच होती. मग हवा खेळती कशी करायची यावर चर्चा सुरू झाली. भिंत फोडायची, पण कुठली? चुकीची फोडली तर खाडी आत.

मित्राची बायको बराच वेळ गप्प होती. मग तिने आपल्या वहीची तीन पानं मागे उलटली, बोट एका ओळीवर ठेवलं आणि मला विचारलं, "भावजी, मघाशी दुसऱ्या खोलीत मशालीची ज्योत वाकली होती म्हणालात. ती कुठल्या भिंतीकडे वाकली होती?"